अंगठा कुणाच्या हुकमाने हलला?

गोकुळाष्टमी आली की घाटकोपर-बोरिवलीच्या नाक्यांवर थर लागतात आणि मणक्याला मार लागलेले गोविंदा हॉस्पिटलात येतात. लोकलमधून पडलेले, परांचीवरून घसरलेले तर वर्षभर येतच असतात. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: पाय परत हलतील का?

कण्यातून उतरणारा मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड. मेंदूचा हुकूम त्याच्यातूनच पायांकडे जातो. जबर मार बसला की सुरुवातीला पाय पार लुळे पडतात. मग काही आठवड्यांनी चादर बदलताना गुडघा अचानक उडतो आणि घरच्यांना वाटतं, आला जीव पायात! तो बहुतेक वेळा झटका असतो. मज्जारज्जूने तो खालच्या खाली दिलेला असतो, मेंदूचा त्यात हात नसतो.

मग खरी खूण कोणती? डॉक्टर सांगतात, "पायाचा अंगठा वर घे. थांब. आता खाली." सांगितल्यावर हलला, सांगितल्यावर थांबला, तर हुकूम पोहोचला. अंगठा दिसण्याइतका हलला नाही, पण स्नायूची थरथर डॉक्टरांच्या बोटाला लागली, तरी पाचपैकी एक गुण मिळतो. शून्य आणि एक यांत फार मोठं अंतर आहे. गुदद्वाराजवळची जाणीवही तपासतात. नातेवाईक संकोचतात, "ते राहू द्या" म्हणतात. राहू देऊ नका! तिथे जाणीव उरली असेल तर मज्जारज्जूचा मार्ग पूर्ण तुटलेला नसतो आणि सुधारण्याची आशा वाढते.

बरीचशी सुधारणा पहिल्या सहा-नऊ महिन्यांत होते, पुढे वेग मंदावतो. पुन्हा सांगायचं तर, उडणारा गुडघा नव्हे, सांगितल्यावर हलणारा अंगठा पाहायचा.

पण वेग मंदावला म्हणजे सगळं संपलं असं नाही. 2011 साली अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या संशोधकांनी एक प्रयोग जाहीर केला. 2006 मध्ये मोटारीच्या धडकेने छातीखाली लुळ्या पडलेल्या तरुणाच्या मज्जारज्जूवर त्यांनी विद्युत उत्तेजना देणारं यंत्र बसवलं होतं. कित्येक महिन्यांच्या सरावानंतर, यंत्र चालू असताना, तो स्वतःच्या इच्छेने पायाची बोटं हलवू लागला.

पाय परतले नाहीत तरी उरलेल्या स्नायूंवरची हुकमत वाढवता येते. सांगली जिल्ह्यातले जवान मुरलीकांत पेटकर यांना 1965 च्या युद्धात मणक्यात गोळी लागली. मुंबईच्या अश्विनी नौदल रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. पुढे ते पोहण्याकडे वळले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक पटकावलं.

वेळ संपत आली, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलायचं आणि रिक्षात कोंबायचं, ही आपली सवय घातक आहे. वाचलेला मज्जारज्जू त्यातच चिरडला जाऊ शकतो. 108 ला फोन करा. त्याला बसवू नका, मान वळवू देऊ नका. हलवणं भागच असेल, तर चार-पाच जणांनी डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून फळीवर घ्या. आणि घरी आणल्यावर दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. दाबामुळे जखम (बेडसोअर) झाली की व्यायाम थांबतो आणि मोलाचे महिने वाया जातात.