या महिन्यात कोणतं?



ऐंशीच्या दशकात खान्देशातल्या आमच्या बोदवडला गणपतीत व्हीसीआर यायचा. गल्लीत घरटी वर्गणी व्हायची आणि रंगीत टीव्ही, व्हीसीआर, तीन कॅसेटी असा सगळा संच एका रात्रीपुरता भाड्याने मिळायचा. संच आणणारा पोरगा फुलस्केप वहीत पिक्चरची नावं लिहून आणायचा. त्या वहीवरून होणारी भांडणं आरतीपेक्षा लांबायची. पोरांना अमिताभ हवा असायचा, बायांना संतोषी माता. शेवटी दोन्ही कॅसेटी घेतल्या जायच्या आणि तिसरी लागेपर्यंत निम्मी गल्ली सतरंजीवर घोरत पडलेली असायची.

ती वही आता माझ्या बैठकीत भिंतीवर टांगली आहे. टीव्ही सुरू केला की चौकोनी चित्रांच्या रांगा येतात, आणि भांडण जुनंच. फरक इतकाच, की वर्गणी एकट्या माझ्या पेन्शनीतून जाते.

मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. त्यामुळे गेल्या वर्षी एक उद्योग केला. शंभर पानी वही घेतली आणि घरात कोण, कोणत्या ॲपवर, काय बघतं ते रोज रात्री टिपू लागलो. सौभाग्यवती म्हणाल्या, "निवृत्त झालात तरी हजेरी सुटली नाही." असो. कुठल्याही कंपनीची जाहिरात करायला मी इथे आलेलो नाही; पण तुलना करायची तर नावं घ्यावीच लागतील.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की मराठी घरात ॲप निवडलं जातं ते सिनेमावरून नव्हे, मालिकेवरून. झी मराठीची मालिका झी फाइव्हवर, स्टार प्रवाहची जिओहॉटस्टारवर, आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सोनी मराठीची, म्हणून सोनी लिव्हवर. चॅनलांची जुनी भाऊबंदकी ॲपमध्येही तशीच उतरली. वाटणी त्यांची झाली, पण तिन्ही घरी आहेर आपणच पोचवायचा. मधे दोन भाऊ एकत्रही आले. २०१५ मध्ये सुरू झालेलं हॉटस्टार आणि जिओसिनेमा यांचं १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार झालं. नातवाला त्याचं सोयरसुतक नाही. त्याच्या लेखी ते आयपीएलचं ॲप आहे. मे संपला की तो तिकडे फिरकत नाही.

नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ दोन्ही २०१६ साली भारतात आले. नेटफ्लिक्सवर मराठीचा ढीग नाही, पण जे आहे त्यातलं काही अस्सल आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' २०२१ मध्ये तिथेच आला. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या, पण फार वर न पोचणाऱ्या माणसाची ती गोष्ट. व्हेनिसच्या महोत्सवात तिच्या पटकथेला पारितोषिक मिळालं होतं. आमच्याकडे तो मी एकट्याने पाहिला, तोही दोन रात्रींत. बाकीचे वीस मिनिटांत उठले. तेव्हा दर्जा कुठे जास्त, असं कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, घरात बघणारे किती?

दराचंही तसंच. २०२१ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने फोनवरचा दर १९९ वरून १४९ रुपयांवर आणला. स्वस्त वाटतं. पण त्या दरात चित्र फक्त फोनवर किंवा टॅबवर दिसतं, टीव्हीवर नाही. म्हणजे नातू पांघरुणात बघणार आणि आजी विचारणार, "काय पाहू राह्यला रे?" शिवाय २०२३ च्या जुलैपासून एका घराचं खातं दुसऱ्या घरात चालवायलाही त्यांनी बंदी केली. प्राइमची रीत वेगळी. हवं तर वर्षाचे पैसे एकदम भरा, वर सामानाची घरपोच डिलिव्हरीही घ्या. मात्र २०२५ च्या जूनपासून तिथेही जाहिराती सुरू झाल्या. नको असतील तर त्याचे पैसे निराळे.

फुकट महिन्याबद्दल एक सांगतो. आमच्या नातवाने एका ॲपला, नाव घेत नाही, फुकट महिन्यासाठी माझं कार्ड जोडलं आणि महिना सरताच वर्षाचे पैसे कापले गेले. वास्तविक रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे आपोआप कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना येते. ती आलीही होती. मी ती लॉटरीचा संदेश समजून पुसून टाकली होती.

आता वहीतला जो हिशेब मला सगळ्यात बोचला, तो सांगतो. वर्षभरात घरात सगळ्यात जास्त वेळ जे बघितलं गेलं, त्यासाठी मी एक पैसाही भरलेला नाही. ते यूट्यूबवरचं होतं. खान्देशी मूव्हीजचे छोटू दादाचे व्हिडिओ, अहिराणी गाणी, लग्नात वाजून वाजून पाठ झालेलं 'बबल्या इकस केसावर फुगे'. ते गाणं लागलं की आमच्या सौभाग्यवतींचा हात पोळपाटावर ताल धरतो. आमच्या बोदवडची बोली अहिराणीही नाही, तावडी आहे. पण अहिराणी निदान आमची मावशी तरी लागते. पैसे घेणाऱ्या ॲपवर भाषेची यादी उघडली की तमिळ, तेलुगू, कोरियन, स्पॅनिश सगळं दिसतं. या मावशीला मात्र त्या यादीत जागा नाही.

आपला मुलूख त्यांना दिसतच नाही असंही नाही. मालेगावच्या नासिर शेख यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता गावातल्या हौशी माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. त्यांच्यावर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला आणि पुढे रीमा कागती यांनी 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट. तो २०२५ मध्ये आधी थिएटरात आणि मग प्राइमवर आला. फार मायेने केलेला सिनेमा आहे, जरूर बघा. पण गंमत पाहा, हातमाग-यंत्रमागाच्या गावातला पार्लरवाला मोठ्या ॲपवर पोचला तो गोष्टीचा नायक म्हणून. त्याच्यासारखी पोरं आज खान्देशात फोनवर जे शूट करतात, ते अजून फुकटच्याच रांगेत आहे.

फुकटात आणखी एक नाव सांगायला हवं. प्रसार भारतीचं 'वेव्हज' २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. तिथे दूरदर्शनचा जुना साठा आहे, आणि आकाशवाणीही ऐकता येते. आकाशवाणीवरच बसून हे सांगताना मला थोडा संकोच वाटतो, पण खरं आहे ते आहे.

सध्या आम्ही एका वेळी एकच ॲप घेतो आणि महिना संपला की दुसरं. आळीपाळी बोदवडकरांना नवी नाही. नळाच्या पाण्यावर आमचा तो सराव झालेला आहे. या महिन्यात सोनी लिव्ह आहे. त्यावर 'मानवत मर्डर्स' बघतोय. परभणी जिल्ह्यातलं सत्तरच्या दशकातलं ते प्रकरण, पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींचा तपास आणि त्यांच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. पहिल्यांदाच असं झालंय की नातू, सून, सौभाग्यवती आणि मी एकाच सतरंजीवर बसतो आणि कुणी घोरत नाही. दोन भाग राहिलेत आणि मुदत रविवारी संपते, तेव्हा मला आता भुसावळची गाडी गाठायला हवी.