वाळवा तालुक्यातली अमेरिकन

(इस्लामपुरात तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिलाय 'आपली ओळख'. या विषयावर बोलणारा माणूस पाचव्या मिनिटाला एकतर रडायला लागतो, नाहीतर ओरडायला. मला दोन्ही करायचं नाही. म्हणून मी आपल्या तालुक्यातल्या एका बाईबद्दल बोलणार आहे, जिला तिची ओळख आयुष्यभर विचारली गेली असणार.

पेठनाक्यावरून कऱ्हाडच्या दिशेनं निघालं की नेर्ले लागतं आणि मग कासेगाव. तुमच्यातले निम्मे तिथं लग्नाला नाहीतर क्रिकेट खेळायला गेले असतील. त्या गावात एक अमेरिकन बाई चार दशकं राहिली. नाव गेल ऑम्व्हेट. (मागून कुणीतरी ख्रिस गेल म्हणालं, ऐकू आलं मला.) गावाच्या तोंडी तिचं नाव शलाका, शलाका पाटणकर. जन्म २ ऑगस्ट १९४१, मिनियापोलिस. मृत्यू २५ ऑगस्ट २०२१, कासेगाव. या दोन गावांच्या मध्ये काय काय झालं, तेच सांगायला उभा आहे.

गेल पहिल्यांदा भारतात आली ती १९६३ साली, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर, इंग्रजी शिकवायला. तेव्हा तिचं नुकतंच कॉलेज संपलं होतं. मग परत गेली आणि बर्कलेला समाजशास्त्र शिकायला लागली. तो काळ व्हिएतनाम युद्धाच्या विरोधाचा होता आणि बर्कले त्याच्या मधोमध. १९७०च्या सुमारास ती पुन्हा आली, या वेळी पीएचडीच्या कामासाठी. विषय काय निवडला? महात्मा फुल्यांची सत्यशोधक चळवळ आणि पश्चिम भारतातलं ब्राह्मणेतर आंदोलन, १८७३ ते १९३०. इंग्रजीतल्या विद्वानांना तेव्हा फुले जेमतेम ठाऊक होते. या पोरीनं मराठी शिकून घेतलं, जुनी मराठी कागदपत्रं धुंडाळली आणि खेड्यापाड्यांतल्या माणसांशी बोलत फिरली. १९७३ला पीएचडी झाली, १९७६ला त्याचं पुस्तक आलं.

इथं थोडं थांबतो. त्याच १९७० सालच्या २२ मार्चला पुण्यात हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. म्हणजे फुल्यांचा तो शब्द मिनियापोलिसची एक पोरगी आणि चिपळूणजवळच्या मिरजोळीचा एक मुसलमान लेखक, दोघांनी साधारण एकाच वेळी उचलला. त्या शब्दाशी दोघांचाही जन्मानं काही संबंध नव्हता. दोघांनाही कुणी बोलावलं नव्हतं. मला हे फार आवडतं. चांगल्या शब्दाला मालक नसतो.

१९७६ साली तिनं भारत पाटणकरांशी लग्न केलं आणि काही काळानं कासेगावला कायमची राहायला आली. सासू इंदुताई पाटणकर. सासू कशी, तर कोवळ्या वयात घर सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेली, नाना पाटलांच्या प्रतिसरकारात काम केलेली. सासरे बाबूजीही त्याच लढ्यातले. भारत लहान असतानाच त्यांचा खून झाला आणि इंदुताईंनी एकटीनं पोरगा वाढवला. अमेरिकन सून आणि अशी सासू एका घरात! मराठी मालिकावाल्यांना सुचणार नाही असं घर. पण तिथं तसला काही मसाला नव्हता. पुढं दोघी मिळून बायकांच्या मोर्च्यांत दिसायच्या. त्यावर शेवटी येतो.

आता रोजच्या जगण्याचं बघू. परदेशात राहणं म्हणजे काय, हे मला थोडंफार माहीत आहे. कंपनीच्या कामासाठी दीड वर्ष अमेरिकेत होतो. तिथं 'कुठला?' विचारलं की इंडिया, मग मुंबईजवळ, मग पुण्याजवळ, असं करत करत इस्लामपूरपर्यंत कधी पोचताच आलं नाही. इंग्रजी बरं बोललो की म्हणायचे, 'तुझं इंग्रजी किती छान आहे!' मला राग यायचा नाही. परकी भाषा आहे, शिकून बोलतोय, कौतुक केलं तर बिघडलं कुठं?

आता हेच वाक्य पुण्यात ऐका. नाव सांगितलं, चार वाक्यं बोललो, की समोरचा म्हणतो, 'अरे वा, तुमचं मराठी किती छान आहे हो!' हसू नका, तुम्हालाही म्हणालेत. म्हणणारा माणूस बहुतेक वेळा भलाच असतो, मनापासून बोलतो, म्हणून तर उत्तर देता येत नाही. गेल ऑम्व्हेटला हे वाक्य आयुष्यभर ऐकावं लागलं असणार, आणि तिच्या बाबतीत ते बरोबर होतं. ती तिशीच्या आसपास मराठी शिकली. मी मराठी शिकलोच नाही. म्हणजे शिकलो, पण पाळण्यात. घरात अम्मीशी 'हमकू नक्को' चालायचं आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की मराठी. दोन्ही जिभा एकाच तोंडातल्या.

या बाबतीत आणखी एका अमेरिकन बाईचं नाव घ्यायला हवं, कारण तीही आपल्याच पट्ट्यातली. फलटणच्या मॅक्सिन बर्नसन. त्यांनी पीएचडीसाठी फलटणचं बोलणं अभ्यासलं. एकाच गावात मराठी किती तऱ्हांनी बोललं जातं आणि कोण कसं बोलतं, हा विषय. पुढं त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं, १९८४ साली फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली आणि मराठी माध्यमाची शाळा चालवली. शाळेचं नाव कमला निंबकर बालभवन. आता या कमला निंबकर कोण? माहेरच्या एलिझाबेथ लंडी, त्याही अमेरिकन! १९३०मध्ये विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आल्या आणि अपंग, आजारी माणसांना हातापायांची कामं पुन्हा करता यावीत म्हणून जी ऑक्युपेशनल थेरपी असते, तिचं भारतातलं पहिलं शिक्षण त्यांनी मुंबईत १९५०ला सुरू केलं. म्हणजे सातारा-सांगलीच्या मातीला अमेरिकन बायका लाभल्या आहेत म्हणायचं. ऊस तेवढाच येतो असं नाही.

मॅक्सिनबाईंच्या कामातून मी एक गोष्ट घेतली. गावात 'शुद्ध' बोलणारे थोडे असतात आणि बाकीचं सगळं गाव 'अशुद्ध' बोलतं. मग गावाची भाषा कुठली? आपल्या पोरांना शाळेत 'ळ' नीट येत नाही म्हणून हसतात. हसू द्या. पण पोरानं त्यामुळं तोंड मिटलं, तर ते नुकसान आपलं.

परत कासेगावला येऊ. १९८३ साली गेलनं भारताचं नागरिकत्व घेतलं. (साखराळ्याचं आपलं इंजिनिअरिंग कॉलेजही त्याच वर्षी सुरू झालं, हे आपलं जाता जाता.) आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही. म्हणजे अमेरिकेचं नागरिकत्व सोडायचं. आमच्या ऑफिसात ज्या पासपोर्टसाठी लोक दहा-दहा वर्षं ग्रीनकार्डाच्या रांगेत उभे आहेत, तो पासपोर्ट. त्यानंतर कायद्यानं तिला माहेरी जायचं तरी व्हिसा काढणं आलं, तुमच्या-माझ्यासारखाच. कासेगावची बाई मिनियापोलिसला जायला मुंबईच्या वकिलातीत अर्ज करणार आणि तिथला साहेब विचारणार, परत येणार ना?

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो, नाहीतर हे भाषण गोड व्हायला लागेल. तिला गाव मिळालं ते तिच्या कामानं, हे खरं. पण गोऱ्या बाईला दारं जरा लवकर उघडतात, हेही खरं. ती बाहेरून येऊन 'इथलीच' झाली याचं आपण कौतुक करतो. आणि ज्यांच्या आज्या-पणज्या इथल्या मातीत दफन आहेत, त्यांच्याकडं कागद मागतो. तिनं एकदा अर्ज केला, एकदा शपथ घेतली, संपलं. आपल्यातल्या काहींना ती शपथ रोज घ्यावी लागते, मॅचच्या दिवशी तर दोनदा. हा तिचा दोष नाही. पण तिची गोष्ट सांगताना हे गिळून सांगायचं नाही.

मग ती गोष्ट सांगायची कशाला? तर ती इथं आल्यावर कशात पडली, ते बघण्यासाठी.

आपल्याकडं कृष्णा-वारणेचं पाणी आहे. तासभर पूर्वेला गेलात की खानापूर, आटपाडी: दुष्काळ. पाटणकर आणि गेल ज्या मुक्ती संघर्ष चळवळीत आणि श्रमिक मुक्ती दलात होते, तिथल्या लोकांनी येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीजवळ ऐंशीच्या दशकात बळीराजा स्मृती धरण बांधलं. येरळेतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोक म्हणाले, वाळू आमची, ती विकून आम्हीच धरण बांधतो. पैसा कमी पडला तेव्हा हितचिंतकांनी मदत केली, कॉलेजची पोरं श्रमदानाला आली. मला इंजिनिअर म्हणून त्यातलं पाणीवाटप जास्त भारी वाटतं. पाणी जमिनीच्या आकारावर वाटायचं नाही, कुटुंबावर वाटायचं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. आपल्या उसाच्या पट्ट्यात हे वाक्य चहाच्या टपरीवर बोलून बघा, मग कळेल ते किती मोठं आहे.

त्यामुळंच १९९९मध्ये अरुंधती रॉय यांनी मोठ्या धरणांविरुद्ध लिहिलं, तेव्हा गेलनं त्यांना जाहीर पत्र लिहून वाद घातला. दुष्काळी शेतकऱ्याला पाणी हवं आहे, ते कुणाला किती हे भांडा, असा तिचा रोख. शरद जोशींच्या शेतकरी आंदोलनाची बाजू घेतली म्हणून डाव्या मित्रांशी वाजलं. २००१ला डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न नको, अशी भारत सरकारची भूमिका होती. हिनं पेपरात लिहिलं, मांडलाच पाहिजे. तिची सगळी मतं मला पटतात असं नाही. जागतिकीकरणाबद्दल ती फार आशावादी होती, असं मला आज वाटतं. पण बघा, ज्या देशाचा पासपोर्ट घेतला, त्याच्या सरकारशी भांडायला ती कचरली नाही. आपल्या पोरांना घरात काय शिकवतात? 'तू गप बस, आपल्याला बोलता येत नाही.' अम्मी-अब्बांची काळजी खोटी नाही. पण गप बसून आपण जास्त इथले होतो, असं काही दिसलेलं नाही.

२००८ला तिचं 'सीकिंग बेगमपुरा' पुस्तक आलं. संत रविदासांनी एका नगराची कल्पना केली, तिथपासून फुले, पंडिता रमाबाई, पेरियार, आंबेडकरांपर्यंतचा विचार त्यात आहे. पुण्यातल्या वाचकाला वाटतं बेगमपुरा म्हणजे कुठल्या तरी बेगमेचं गाव. आपल्याला लगेच कळतं: बे-गम-पुरा. गम नसलेलं नगर. फारसी, अरबी आणि 'पूर' एकाच शब्दात राहतात. तसंच आपलं इस्लामपूर. जुलै २०२५मध्ये राज्य सरकारनं गावाचं नाव ईश्वरपूर करायचा निर्णय विधिमंडळात जाहीर केला, तेव्हा मला पुण्यात किती फोन आले सांगू? गंमत म्हणजे निम्मे आमच्या वर्गातल्या पाटील-जाधव-मानेंचे होते. 'लका, आता तुझं गाव कुठलं?' म्हटलं, तुझंच. उरुणात संभूआप्पा-बुवाफन या गुरू-शिष्यांचा उरूस एकत्र भरतो, तिथं मेवामिठाई खाताना आम्ही कुणी पाटी वाचली नव्हती. गेललाही दोन नावं होती. पण तिचं दुसरं नाव पहिलं पुसून आलं नाही. पुस्तकावर गेल, गावात शलाका.

आता इंदुताई आणि गेलच्या मोर्च्यांकडं येतो. सातारा-सांगलीत ऐंशी-नव्वदच्या दशकांत स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. नवऱ्यानं टाकलेल्या बायका, परित्यक्ता. मागण्या एकदम साध्या होत्या: आमच्या नावाचं वेगळं रेशनकार्ड, घराला जागा. रेशनकार्ड नाही म्हणजे सरकारच्या लेखी ती बाई वेगळी अशी नाहीच, ती भावाच्या कार्डावरचं एक तोंड.

१९६६च्या १८ एप्रिलला दलवाईंनी सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढला, तो तोंडी तलाकविरुद्ध. २०१९ला तलाकचा कायदा आला. त्यावर टीव्हीवर पुष्कळ आरडाओरडा झाला, मी त्यात शिरत नाही. मला त्या कायद्यात न बसणारी बाई सांगायची आहे. तिला तलाक दिलेलाच नाही. नुसती माहेरी आणून सोडली. दोन पोरं, शिलाई मशीन, भावजयीची नजर. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात अशा चार-पाच तरी आहेत. कुणाची खाला, कुणाची आपा. जलशात आपण त्यांच्याबद्दल बोलत नाही, कारण घरची गोष्ट बाहेर जाते. कासेगावच्या त्या घरानं नेमकी घरचीच गोष्ट बाहेर काढली होती.

तर काम असं आहे. अन्नसुरक्षा कायद्यात, २०१३च्या, रेशनकार्डावर घरातली सगळ्यात मोठी प्रौढ बाई कुटुंबप्रमुख धरायची आहे. वेगळं कार्ड काढायला तहसील कचेरीत पुरवठा शाखेत अर्ज करावा लागतो. कागद काय काय लागतात, ते मी परवा जाऊन विचारून येतो. मैत्रिणींनी आपापल्या गल्लीत अशा बायकांशी बोलायचं, पोरांनी नाही, पोरांनी फक्त अर्ज भरायचे आणि रांगेत उभं राहायचं. हिंदू गल्लीतली कुणी आली तर तिचाही अर्ज भरायचा. पुढच्या रविवारी, सकाळी दहाला, इथंच. लॅपटॉप मी आणतो, प्रिंटरची सोय कुणीतरी बघा.

आता प्रश्न असतील तर विचारा.