हनुवटीचा बधिरपणा

यवतमाळ जिल्ह्यांत एखाद्याचा जबडा सुजला, कीं सगळ्यांचें बोट प्रथम खर्‍याकडे जातें. तें बहुधा रास्तहि असतें. तंबाखू, सुपारी व चुना यांचें हें मिश्रण वर्षानुवर्षें गालांत धरणारांपैकीं अनेकांना मुखाचा कर्करोग होतो, आणि पुढें तो हिरडीवाटे हाडांत शिरतो. परंतु आज ज्या रोगाविषयीं मी बोलणार आहें, त्याचा उगम मुखांत नसून पोटांत असतो.

यकृतांतील पित्त आंतड्यांत नेणार्‍या नलिकांस कर्करोग झाला म्हणजे पित्ताची वाट बुजते. मग डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, मळ मात्र पांढुरका पडतो, आणि अंगास विलक्षण कंड सुटते. पुष्कळदां पोट मुळींच दुखत नाहीं. त्यामुळें साधी कावीळ समजून झाडपाल्यांत आठवडे जातात. शस्त्रक्रियेची संधि तर आरंभींच असते!

हा रोग बहुधा यकृत, लसीकाग्रंथि, फुप्फुसें यांत पसरतो. जबड्यांत तो अगदीं क्वचित येतो. आला तर बहुधा रक्तावाटे येतो आणि खालच्या जबड्यांत, दाढांखालीं, ठाण मांडतो. त्याच हाडांतून खालच्या ओठाची व हनुवटीची संवेदना नेणारा ज्ञानतंतु जातो. तो दाबला गेला, कीं दाढी करतांना हनुवटीवर वस्तरा फिरलेला कळत नाहीं. कधीं दाढ हलूं लागते. ती काढली तरी जखम भरत नाहीं. ऐकणारास हें क्षुल्लक वाटेल. पण दुसर्‍या अवयवांतून मुखांत व जबड्यांत आलेल्या कर्करोगांपैकीं सुमारे चौथ्या हिश्श्यांत मूळ रोगाची पहिली वार्ता येथूनच मिळालेली आढळते.

खर्‍याचा रोग कोणता आणि हा कोणता, हें नुसत्या डोळ्यांनीं ठरत नाहीं. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो. तंबाखूचा कर्करोग बहुतेक चपट्या पेशींचा, तर पित्तनलिकेचा ग्रंथींच्या पेशींचा असतो. हा भेद म्हणजे शब्दच्छल नव्हे. पहिल्यांत जबड्याचा भाग कापून रोग समूळ काढण्याचा यत्न करितात. दुसर्‍यांत बारीक नळी बसवून पित्ताची वाट मोकळी करितात, औषधें देतात, किरणोपचारांनीं जबड्याची वेदना शमवितात. मूळ रोग पोटांत असतां जबडा काढून माणसाचें जेवणेंबोलणें अवघड करण्यांत बहुधा कांहींच लाभ नसतो.

यवतमाळास १९८९ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथें किंवा अन्यत्र जबडा दाखवावयास जातांना खर्‍याची कबुली तर द्यावीच. पण मागें कावीळ झाली असल्यास तीहि, विचारल्यावांचून, डॉक्टरांना सांगावी.