क्लासला कुलूप लागलं, फीचं काय?

मैत्रिणींनो, गटातून कर्ज उचलून लेकीच्या पोलीस भरतीच्या क्लासची फी भरली, अन् तीन महिन्यांत क्लासला कुलूप! हप्ता मात्र चालूच. नशीब म्हणून गप्प बसू नका. न शिकवलेल्या महिन्यांची फी परत मागता येते. पावती, फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, जाहिरातीचा कागदसुद्धा जपा. (पावती न देणाऱ्याला फीच देऊ नये, असं माझं स्पष्ट मत.) आधी लेखी मागणी करा, पोच घ्या. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जायचं. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. अन् क्लास पुण्याचा असला, तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते.