तमिळचा आयता फ्लॅशकार्ड-संच कसा निवडाल?



नोकरीसाठी चेन्नईत आलेली आपली माणसं मोबाइलवर अंकी अ‍ॅप घेतात, तमिळचा एखादा आयता संच उतरवतात, महिनाभर घोकतात. आणि भाजीवालीसमोर गप्प होतात. असं का?

कारण लिहायची तमिळ वेगळी, बोलायची वेगळी. ‘किती’ला पुस्तकात ‘एव्वळवु’, बाजारात ‘एव्ळो’. ‘आहे’ला पुस्तकात ‘इरुक्किरदु’, तोंडी ‘इरुक्कु’. बरेच आयते संच पुस्तकी असतात. म्हणून आधी वीसेक कार्डं चाळा. ‘इरुक्कु’ दिसलं, तर संच तुमच्या कामाचा.

दुसरी गोष्ट, आवाज. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर आहे. ‘तमिळ’ या नावातला शेवटचा उच्चारही आपल्या ‘ळ’पेक्षा वेगळा. तो वाचून येत नाही, ऐकावाच लागतो. तमिळ माणसाचा आवाज नसलेला संच सोडून द्या.

तिसरी, वाक्यं. ‘एनक्कु तण्णी वेणुम्’ म्हणजे ‘मला पाणी हवं’. शब्दाला शब्द जुळतो बघा! इंग्रजी अर्थात ही जुळणी हरवते. म्हणून कार्डामागचा अर्थ मराठीत बदलून घ्या.

अंकी रोज २० नवी कार्डं देतं. ती १० करा, नाहीतर उजळणी साचते. आणि रोज रस्त्यावर ऐकलेलं एक वाक्य स्वतः त्यात घाला. आयता संच सुरुवात करून देतो. पुढचा संच चेन्नईच तुम्हाला देईल.