जीवदयेचे अंगण



आजारी जीवाला पांजरपोळात आसरा देणे ही जीवदया आपण जाणतो. परंतु निरोगी जीवाचे घर राखणे हीसुद्धा जीवदयाच होय.

रत्नागिरी जिल्ह्यातील बरेचसे रान खासगी मालकीचे आहे. तेथील जुन्या बेहड्याच्या ढोलीत महाधनेशाची मादी स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबविते. नर तिला फटीतून भरवितो. लेकीच्या लग्नासाठी मालकाने ते झाड ठेकेदारास विकले, तर तशी ढोली पुन्हा होण्यास पिढ्या जातील. त्याला दोष का द्यावा? त्याची अडचण खरी आहे.

म्हणूनच संगमेश्वर परिसरात पुण्याच्या 'अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन' या संस्थेने मालकांशी करार केले: रान राखावे, मोबदला घ्यावा. बेहडा न तोडता त्याची फळे विकण्याचा मार्गही दाखविला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील २००२ च्या दुरुस्तीनुसार, स्वेच्छेने पुढे येणाऱ्या व्यक्तीची जमीनही 'समुदाय राखीव' घोषित होऊ शकते.

या सुवर्णमहोत्सवी वर्षी आपल्या जीवदया निधीतील एक वाटा अशा रानमालकांसाठी काढावा, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र.