रांजणवाडी आणि दहा मिनिटांचा शेक

रांजणवाडी आली की घरातल्या प्रत्येकाला डॉक्टर होता येतं. आजी लवंग उगाळते, आत्या खारकेची बी सहाणेवर घासते, शेजारच्या काकू लसणाची पाकळी घेऊन हजर होतात. ज्याचा डोळा, तो आरशासमोर उभा राहून गाठ दोन नखांत धरून पिळू पाहतो. शेक मात्र धड कुणी घेत नाही. रुमालावर फुंकर मारून तो घडीभर डोळ्याला टेकवला, की झाला शेक!

श्रोतेहो, तो शेक नव्हे.

पापणीच्या आत तेलाच्या बारीक ग्रंथी ओळीनं बसलेल्या असतात. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत थोड्या कमी. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्यानं 1666 साली त्यांचं वर्णन केलं. त्यांच्या तेलामुळे अश्रू चटकन सुकत नाहीत. पापणीच्या केसाच्या मुळाशी किंवा ग्रंथीत जंतू शिरले, बहुधा स्टॅफिलोकोकस, की लाल, ठणकणारी रांजणवाडी होते. तेल आतच तुंबून राहिलं, तर टणक आणि सहसा न दुखणारी गाठ होते. तिला डॉक्टर कॅलाझियन म्हणतात.

थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते, तेव्हा काय करतात? गरम पाण्यात उभी करून ठेवतात. मिनिटभरात बाहेर काढली, तर कडेचं तेवढं सुटतं, मधला गोळा तसाच राहतो. बाटली नुसती दाबली तर तेल येत नाही, उकळत्या पाण्यात ठेवली तर बाटलीच वाकडी होते. पापणीतलं तेलही असंच सावकाश सुटतं. म्हणून दहा मिनिटं, आणि तीही घड्याळ लावून. स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळावा, मिटलेल्या डोळ्यावर ठेवावा, निवला की पुन्हा बुडवावा. दिवसातून तीन-चार वेळा. शेकानंतर गाठ दुखरी नसेल, तर बोटानं पापणीच्या कडेकडे हलकेच चोळावं. पिळू मात्र नये. पू आत पसरतो.

हे काही नवं शास्त्र नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापण्यांचे 21 रोग सांगितले आहेत. त्यातल्या अंजननामिकेच्या, म्हणजे आपल्या रांजणवाडीच्या उपचारात सुरुवात शेकानंच होते. आजीची लवंग फारसं बिघडवत नसेलही, पण उगाळलेलं डोळ्यात उतरलं तर बुबुळाला इजा होते. लसणानं तर पापणीची कातडी भाजते.

रांजणवाडी बहुधा आठवडाभरात फुटते किंवा विरते. कॅलाझियनला कित्येक आठवडे लागतात, आणि लोक तिसऱ्या दिवशीच शेक सोडतात! महिना-दीड महिना शेकूनही गाठ हटली नाही, तर डॉक्टर त्या जागेपुरती भूल देऊन पापणीच्या आतल्या बाजूनं छोटी चीर देतात आणि गाठ खरवडून काढतात. टाके नसतात, बाहेर व्रण दिसत नाही. काही वेळा गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊनही भागतं.

पण सगळी पापणी सुजली, ताप आला, डोळा फिरवताना दुखू लागलं किंवा अंधुक दिसू लागलं, तर शेकत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शाळकरी मुलाला सारखी रांजणवाडी होत असेल तर चष्म्याचा नंबर तपासावा. नीट दिसत नाही म्हणून ते डोळे चोळत असतं. मोठ्या माणसाची साखर तपासावी. उतारवयात गाठ काढल्यावर त्याच जागी पुन्हा आली, तर तिचा तुकडा तपासायला पाठवायलाच हवा. तेलग्रंथीचा कर्करोग अशा साध्या गाठीच्या रूपात येतो, आणि पापणीच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे बरंच जास्त आहे.

काजळाच्या डबीचा विषय राहिलाच, आणि समोरचा लाल दिवा तर लागला आहे. निदान डोळा बरा होईपर्यंत एकीचं काजळ दुसरीनं घालू नये, रुमालही वेगळा ठेवावा. आणि शेक दहा मिनिटं, बरं का, दहा…